पावसातली सायकल आणि कोरडे दप्तर



उन्हाळी वेकेशन संपून शाळा उघडते आणि आठ-पंधरा दिवसांत पाऊस येतो. त्याच सुमारास हजेरीपत्रकात काही ठरावीक नावांपुढे 'गैरहजर' पडू लागते. ही मुले आजारी नसतात, गावालाही गेलेली नसतात. विचारले तर उत्तर एकच मिळते, "सर, पाऊस होता ना." थोडे खोलात शिरून विचारले की कळते, पाऊस सकाळी सहाला होता आणि शाळा साडेबाराची होती. तर यंदाच्या पावसाळी अंकात सायकलने शाळेत येणाऱ्यांसाठी थोडा अभ्यास मांडावा असे आम्ही ठरवले. यात विज्ञान आहे, थोडे गणित आहे आणि आमच्या हातून घडलेली एक चूकही आहे. ती पुढे येईलच.

आपल्यापैकी बहुतेकांची मुळे खानदेशात आहेत. आजोबा किंवा वडील धुळे, नंदुरबार, जळगावकडून उधन्याच्या गाडीत बसून इकडे आले. धुळे जिल्ह्यात वर्षाला सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि सुरतेत बाराशेच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दुप्पट. शिवाय तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. गावी पाऊस आला की माणसे दारात उभी राहून आकाशाकडे कौतुकाने बघतात, इथे नवागाममध्ये पहिला विचार येतो तो गल्लीत किती पाणी भरेल याचा. आजीच्या तोंडी पावसाचे कौतुक आणि आईच्या तोंडी पावसाची कुरकुर, हे एकाच घरात ऐकू येण्याचे कारण या दोन आकड्यांत आहे.

इथे हिवाळ्यातही कधी कधी भिजावे लागते. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस उठलेले ओखी चक्रीवादळ ५ डिसेंबरला सुरतेच्या किनाऱ्याकडे येता येता विरून गेले, पण ऐन थंडीत पाऊस पाडून गेले. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी गुजरातभर गारांसह जो अवकाळी पाऊस झाला त्यात वीज पडून अनेक माणसे गेली. गुजरातीत याला 'मावठुं' म्हणतात. जुलैच्या पावसापेक्षा अशा पावसात भिजणे शरीराला जड जाते, कारण हवा गार असते आणि रेनकोट माळ्यावर गेलेला असतो.

आधी कपड्यांकडे वळू. आपले शहर कापडाचे. कोणाचे वडील लूम्सवर, कोणाचे डाइंग मिलमध्ये, कोणाची आई घरी साडीला लेस-टिकल्या लावते. तेव्हा कापडाचा धडा आपल्याला पुस्तकातून सुरू करण्याची गरज नाही, घरातल्या चिंध्यांतून करता येईल. सुती कापड, नायलॉन आणि पॉलिस्टर असे तीन सारखे तुकडे घ्या, पाण्यात बुडवा, पिळा आणि दोरीवर टाका. पॉलिस्टर सर्वांत आधी वाळेल, सुती सर्वांत शेवटी. हवेतला ओलावा धरून ठेवण्याचे प्रत्येक धाग्याचे प्रमाण ठरलेले असते आणि कापडाच्या व्यापारात ते मोजलेही जाते. कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरतो, नायलॉन चार टक्के आणि पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. हे नुसत्या हवेतल्या ओलाव्याचे झाले. पावसात चिंब झालेला सुती शर्ट स्वतःच्या वजनाइतके, कधी त्याहून जास्त पाणी अंगावर वागवतो.

आता गणित. एक ग्रॅम पाणी अंगावर वाळायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. शर्टात नुसते शंभर ग्रॅम पाणी असले (एका चहाच्या कपाएवढे) तर ते वाळेपर्यंत ५८ हजार कॅलरी खर्च होणार. एवढी उष्णता काढून घेतली तर ५८ किलो पाणी एक अंशाने थंड होईल. यातली काही उष्णता हवेतून येते, बाकीची आपल्या अंगातून जाते. वर्गात पंखा फुल्ल लावून ओल्या शर्टाने बसलेल्या मुलाला तिसऱ्या तासाला हुडहुडी का भरते, हे यावरून कळेल. तो पंखा बंद करण्यावरून दरवर्षी वर्गात जी भांडणे होतात, त्यांत दोन्ही बाजूंचे म्हणणे बरोबर असते: ओल्याला पंखा नको असतो आणि कोरड्याला उकडत असते.

मग रेनकोट हा उपाय झाला ना? झाला, पण पुरता नाही.

अंगावर पाणी न येऊ देण्याची धडपड जुनी आहे. कोकणात भात लावणारी माणसे बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे इरले डोक्यावर घेत. आपल्याकडे गोणपाटाचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खोचून केलेली खोळ, किंवा खांद्यावर घोंगडी. मेंढीच्या लोकरीत अंगचाच एक तेलकट अंश असतो, म्हणून घोंगडीवरून बराच वेळ पाणी ओघळून जाते. १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिंटॉश या स्कॉटिश माणसाने कापडाच्या दोन थरांमध्ये विरघळवलेल्या रबराचा थर घालून जलरोधक कापड बनवले आणि त्याचे पेटंट घेतले. ते थंडीत कडक होई आणि उन्हात चिकट. रबराला गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ती पुढच्या काही वर्षांत सापडली, मग ती अडचण दूर झाली. आज आपण दुकानातून घेतो तो रेनकोट म्हणजे बहुधा पॉलिस्टर किंवा नायलॉनच्या कापडाला आतून प्लॅस्टिकचा लेप दिलेला असतो. मूळ कापड आपल्याच शहरातल्या लुमावर विणलेले असण्याचा संभव बराच.

पण ज्या लेपातून पाणी आत येत नाही, त्यातून घामाची वाफही बाहेर जात नाही. सायकल चालवताना आपण खाल्लेल्या अन्नातल्या शक्तीचा पाव भाग जेमतेम पायडलपर्यंत पोहोचतो, उरलेल्याची उष्णता होते. ती बाहेर टाकण्यासाठी घाम येतो, आणि जुलैत सुरतेची हवा आधीच वाफेने भरलेली असते. डिंडोलीच्या ओव्हरब्रिजचा चढ रेनकोट घालून जोरात चढून बघा. पलीकडे उतरताना शर्ट आतून ओला झालेला असेल, आणि तो पावसाने नव्हे! परदेशात वाफ बाहेर सोडणारे आणि पाणी अडवणारे महागडे कापड मिळते, त्यातली छिद्रे पाण्याच्या थेंबाहून फार लहान आणि वाफेच्या कणाहून मोठी असतात. पण बाहेरची हवाच दमट असेल तर वाफ बाहेर जायला ओढ कमी पडते. गार, कोरड्या देशात त्या कोटाची जी कीर्ती आहे, ती आपल्या भर पावसाळ्यात टिकणार नाही. तेव्हा पालकांनी त्यासाठी खर्च करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणून आमचे सांगणे जरा उलटे वाटेल. वाटेत भिजणार नाही याची खटपट थोडी कमी करा आणि शाळेत पोहोचल्यावर कोरडे कसे होता येईल याची तयारी जास्त करा. दप्तरात एक सुका शर्ट, एक पंचा किंवा जुना टॉवेल आणि मोज्यांचा जोड एवढे असावे. हे सगळे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंडाला पीळ द्यायचा, तो पीळ दुमडून रबर लावायचे आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत उलटी घालायची. एकाच पिशवीला गाठ मारली तर गाठीतून पाणी झिरपते, हे आम्ही एका वार्षिक तपासणीच्या दिवशी भिजलेल्या पंचवीस वह्यांवरून शिकलो. घरी साडीच्या पॅकिंगच्या जाड पिशव्या येतात, त्या यासाठी उत्तम. पावसाळ्यात बूट घरी राहू द्यावेत. मागे पट्टा असलेली सँडल बरी, साधी स्लीपर नको, कारण ओल्या पायडलवरून ती निसटते.

रेनकोट घेताना गुडघ्याच्या वर संपणारा घ्यावा. लांब रेनकोटाची किंवा ओढणीची टोके मागच्या चाकाच्या तारांत जातात. टोपी डोळ्यांवर आणि कानांवर येते, मागून येणारा टेम्पो ऐकू येत नाही. आत साधी छज्जा असलेली टोपी घातली की वरची टोपी मागे राहते आणि चष्म्यावर थेंबही कमी पडतात. रंग पिवळा, भगवा किंवा पोपटी असावा. काळा आणि राखाडी रंग पावसाच्या अंधारात रस्त्यात मिसळून जातो. एका हातात छत्री धरून सायकल चालवणाऱ्यांबद्दल आम्ही इथे लिहीत नाही, त्यांना आम्ही फाटकात प्रत्यक्ष भेटतो.

आता सायकल.

पाठीवर चिखलाची जी उभी रेघ उमटते, ती आकाशातून येत नाही. फिरत्या चाकावरचा थेंब चाक सोडतो तेव्हा तो वर्तुळाच्या स्पर्शिकेच्या दिशेने सरळ सुटतो. मागच्या चाकाची स्पर्शिका नेमकी आपल्या पाठीवर येते, पुढच्या चाकाची आपल्या पायांवर आणि तोंडावर. भूमितीत स्पर्शिका कशाला शिकायची असे विचारणाऱ्यांनी मडगार्ड काढलेल्या सायकलवर एकदा बसावे. हल्ली फॅशन म्हणून मडगार्ड काढून टाकतात. पावसाळ्यापुरते तरी ते परत लावावे, आणि पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा दोन स्क्रूंनी लावावा. सँडल निम्म्याने कमी चिखलतात.

ब्रेकचा मुद्दा मात्र गंमतीचा नाही. रबराची गुटकी रिमवर घासते आणि घर्षणाने चाक थांबते. रिम ओली असली की दोहोंच्या मध्ये पाण्याचा पातळ थर राहतो आणि घर्षण एकदम पडते. चकचकीत क्रोमच्या लोखंडी रिमवर ते फारच पडते, ॲल्युमिनियमच्या रिमवर त्या मानाने कमी. गुटकीने आधी पाणी पुसून काढावे लागते, मगच ती धरते. त्यात चाकाचे चार-पाच फेरे जातात. २६ इंची चाकाचा व्यास ६६ सेंटिमीटर, म्हणजे परीघ सुमारे २०७ सेंटिमीटर. पाच फेरे म्हणजे दहा मीटरहून जास्त! इतके अंतर सायकल जवळजवळ ब्रेकशिवाय जाते. ताशी पंधरा किलोमीटर वेगाने आपण सेकंदाला चार मीटर जातो, म्हणजे रिक्षा आडवी आल्यावर 'दाबू की नको' या विचारात गेलेला एक सेकंद धरला तर आणखी चार मीटर. यावर उपाय सोपा आहे. गर्दीच्या आधी, उताराच्या आधी, ब्रेक हलका दाबून दोन-तीन वेळा रिम पुसून घ्यायची. दोन्ही ब्रेक एकदम वापरायचे. शनिवारी मैदानात खडूच्या रेघा मारून कोरड्या आणि ओल्या रिमने सायकल किती अंतरावर थांबते ते नववीच्या वर्गाने मोजायचे आहे. आकडे आम्ही मुद्दाम इथे देत नाही.

घसरण्याच्या जागा सगळ्यांना माहीत असतात, पण त्या आठवतात पडल्यावर. ड्रेनेजचे लोखंडी ढाकण, रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे, रेल्वेचे रूळ (ते नेहमी काटकोनात ओलांडावेत) आणि पहिल्या पावसाचा डांबरी रस्ता. चार-पाच महिन्यांचे सांडलेले ऑइल आणि धूळ पहिल्या सरीत मिळून जो काला होतो, तो मुसळधार पावसातल्या रस्त्यापेक्षा निसरडा असतो. पंक्चरही पावसात जास्त होतात, कारण ओल्या रबरात काच सहज शिरते. घरी आल्यावर चेन फडक्याने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब टाकावेत. लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाले की गंज चढतो, तेलाचा थर दोघांनाही दूर ठेवतो. खोबरेल वापरू नये, ते पुढे चिकट होऊन धूळ धरते. राज्य शासनाच्या सरस्वती साधना योजनेत नववीच्या पात्र मुलींना सायकल मिळते. ती मिळते तेव्हा नवीकोरी असते, आणि एक पावसाळा बाहेर उभी राहिली की ओळखू येत नाही. तेव्हा मुलींनो, हे तेलाचे काम भावाकडे सोपवू नका.

आता आमच्या चुकीबद्दल.

काही वर्षांपूर्वी आम्ही पावसाळ्यात एकही दिवस न चुकणाऱ्या विद्यार्थ्याला बक्षीस देत होतो. हेतू चांगला होता. एका सकाळी गरनाळ्यात पाणी भरले असताना आठवीतला एक मुलगा सायकल हातात धरून मांडीभर पाण्यातून आला. आम्ही प्रार्थनेच्या वेळी त्याला पुढे बोलावून टाळ्या वाजवल्या. त्याच्या पायाला आधीच्या दिवशी खेळताना लागले होते, हे आम्ही विचारलेही नाही. आठ-दहा दिवसांनी त्याला सणकून ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. मुलगा वेळेवर उपचार मिळून बरा झाला. त्याची आई शाळेत आली तेव्हा रागावली नाही. एवढेच म्हणाली, "सर, तुम्ही टाळ्या वाजवल्या म्हणून तो दुसऱ्या दिवशीपण तिथूनच आला."

लेप्टोस्पायरोसिस हा आजार दक्षिण गुजरातला नवा नाही. सुरत, नवसारी, वलसाड जिल्ह्यांत पावसाळ्यात त्याचे रोगी दरवर्षी सापडतात, विशेषतः भात आणि उसाच्या शेतात काम करणाऱ्यांत. उंदीर आणि इतर जनावरांच्या लघवीतून त्याचे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि कातडीवरच्या चिरेतून, जखमेतून किंवा डोळ्या-तोंडावाटे शरीरात शिरतात. ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, तोवर माणूस पाणी विसरलेला असतो. लवकर औषध सुरू झाले तर आजार आटोक्यात येतो, उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंडे बिघडतात. म्हणून पालकहो, पावसाळ्यात ताप आला तर 'हा मुलगा गेल्या पंधरवड्यात साचलेल्या पाण्यातून गेला होता का' हे डॉक्टरांना आपणहून सांगा. आणि पाण्यातून चालून आल्यावर पाय साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे हे रोजचे काम समजा.

ते बक्षीस आम्ही बंद केले. लिंबायतच्या गरनाळ्यात पाणी भरले, मीठी खाडी रस्त्यावर आली, तर घरी राहायचे. त्या दिवसाची गैरहजेरी आम्ही वेगळ्या खुणेने लिहितो. या शहराने ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सुटलेल्या नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाण्यात बहुतांश वस्ती बुडालेली पाहिली आहे. जून २०२५ मध्ये तापीला पूर नसतानाही नुसत्या पावसाने आणि खाड्यांच्या पाण्याने लिंबायतसह अनेक भागांत घरे वेढली गेली होती. असे पाणी सायकलने ओलांडण्यात शौर्य नाही. ढाकण कुठे उघडे आहे, विजेच्या खांबाची तार कुठे लोंबते आहे, हे गढूळ पाण्याखाली कोणालाच दिसत नाही. आम्ही एक खूण ठरवली आहे: पाण्याखालचा रस्ता दिसत असेल तर उतरून हळू चालावे, दिसत नसेल तर मागे फिरावे. आकाशात गडगडत असेल तर पक्क्या इमारतीत थांबावे, झाडाखाली नव्हे. त्यासाठी उशीर झाला तर कोणी बोलणार नाही.

उरला प्रश्न साध्या पावसाचा, म्हणजे जवळजवळ रोजचा. इथे अडते ते मन. खिडकीतून पाऊस दिसतो त्यापेक्षा सायकलवर तो नेहमी कमी लागतो, हा आमचा अनुभव आहे. पहिली पाच मिनिटे जड जातात, एकदा भिजले की पुढे काही वाटत नाही. सातवीतल्या काही मुली एकाच गल्लीतून मिळून निघतात, कोपऱ्यावर एकमेकींची वाट बघतात. त्यांची गैरहजेरी सर्वांत कमी आहे, कारण एकटीने 'आज नको' म्हणणे सोपे असते, पाच जणींना निरोप पाठवून म्हणणे अवघड. पिशवी रात्रीच भरून ठेवावी. सकाळी ओला मोजा शोधण्यात जो वैताग येतो, त्याचेच पुढे 'पाऊस होता' असे उत्तर होते.

आणि पाऊस खरोखर किती वेळा आडवा येतो, तेही मोजून बघू. हवामान खाते दिवसभरात अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडला तर तो 'पावसाचा दिवस' धरते. पण आपल्याला दिवसाशी कर्तव्य नाही, निघायच्या त्या वीस मिनिटांशी आहे. सहावी ते नववीच्या प्रत्येक सायकलस्वाराने १ जुलैपासून ३१ ऑगस्टपर्यंत एका वहीत रोज दोनच खुणा करायच्या: घरातून निघताना पाऊस होता की नाही, आणि शाळेतून निघताना होता की नाही. महिन्याच्या शेवटी स्तंभालेख काढायचा. उत्तर काय येईल याचा आमचा अंदाज आहे, पण तो आम्ही बंद पाकिटात घालून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवला आहे.

मा. विश्वस्त मंडळास दोन विनंत्या आहेत. सायकल स्टँडच्या पश्चिमेकडच्या बाजूला पत्रा नाही आणि पावसाची झड तिकडूनच येते. आठ-दहा पत्रे पडले तर पन्नासएक सायकली कोरड्या राहतील. दुसरी विनंती, मागच्या ओसरीत मुलांचे रेनकोट टांगायला खिळे आणि दोरी हवी आहे. खिळे ठोकायला नववीची मुले तयार आहेत, शिडी तेवढी ऑफिसातून मिळावी. रेनकोटांवर नावे घालण्याचे काम आम्ही या आठवड्यात वर्गावर्गांत घेत आहोत. निळे रेनकोट एकूण किती निघतात ते मोजल्यावर दोरी किती लांब लागेल ते कळवू.